घरातील संगणकांचे जाळे : एक प्रिंटर, एक कपाट, सर्वांसाठी

संगणक ही आता केवळ कचेरीत किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दिसणारी वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाचा अर्ज, नोकरीचा अर्ज, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, सातबारा, वीजबिल ही सर्व कामे आज संगणकावरून होतात. त्यामुळे ज्या घरात शिकणारी मुले आहेत त्या घरात एक तरी संगणक आलेला असतो. मोठ्या मुलीला महाविद्यालयासाठी लॅपटॉप घेतला की ही संख्या दोन होते. तरीही पुष्कळ घरांत असे दिसते की, प्रिंटर एका संगणकाला जोडलेला आहे, दाखल्यांच्या फाईली दुसऱ्या संगणकात आहेत आणि मुले पेनड्राइव्ह घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत आहेत. पेनड्राइव्ह सापडला नाही की कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान गाठायचे. तेथे जातवैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, आधारपत्र परक्या संगणकावर उघडले जाते आणि त्याची प्रत तेथेच राहून जाते. अर्जाच्या अंतिम तारखेच्या रात्री दुकान बंद असेल तर विद्यार्थ्याचे वर्षही वाया जाऊ शकते.

वास्तविक घरातील सर्व संगणकांना एकच प्रिंटर वापरता येतो आणि सर्वांची कागदपत्रे एकाच ठिकाणी नीट ठेवता येतात. त्यासाठी बहुधा नवीन काहीही विकत घ्यावे लागत नाही. लागणारी सोय संगणकात पूर्वीपासूनच असते. ती चालू कशी करावी एवढेच शिकायचे असते. मात्र वस्तू सर्वांची झाली की तिची जबाबदारीही ठरवावी लागते. कोणाला काय द्यायचे, किती द्यायचे आणि कुलूप कोठे लावायचे हे न ठरवता केलेली वाटणी अंगाशी येते. या दोन्ही बाजूंचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जाळे म्हणजे काय?

दोन किंवा अधिक संगणक एकमेकांशी जोडले जाऊन त्यांच्यात माहितीची देवाणघेवाण सुरू झाली की त्यास संगणकांचे जाळे, म्हणजेच नेटवर्क, असे म्हणतात. एका घरापुरते किंवा इमारतीपुरते असलेले जाळे म्हणजे स्थानिक जाळे. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. स्थानिक जाळे आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातील राउटर चालू असेल तर इंटरनेटचे पैसे भरायचे राहिले असले तरीही आतल्या खोलीतील लॅपटॉपवरून बाहेरच्या खोलीतील प्रिंटरवर कागद छापता येतो. कारण ती माहिती घराबाहेर जातच नाही.

या स्थानिक जाळ्याच्या जन्माचा प्रिंटरशी जवळचा संबंध आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथे गॅरी स्टार्कवेदर यांनी लेसर प्रिंटर विकसित केला. असा यंत्रराज प्रत्येक संशोधकाच्या टेबलावर ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा टेबलावरील सर्व संगणक एकमेकांशी आणि या एका प्रिंटरशी कसे जोडावेत हा प्रश्न पुढे आला. रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहून त्यात 'इथरनेट' या पद्धतीची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. आज आपल्या राउटरच्या मागे जी तार खोचतो ती याच इथरनेटची.

पुढे १९८० नंतरच्या दशकात आयबीएम कंपनीतील बॅरी फायगेनबॉम यांनी एका संगणकातील फाईल दुसऱ्या संगणकावरून उघडण्याची नियमावली तयार केली. तिलाच 'एसएमबी' म्हणतात. १९९२ साली आलेल्या 'विंडोज फॉर वर्कग्रुप्स' या प्रणालीत फाईल व प्रिंटर वाटून घेण्याची सोय अंतर्भूत झाली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने हीच भाषा बोलणारी 'सांबा' ही प्रणाली लिहावयास घेतली आणि ती सर्वांना विनामूल्य खुली केली. त्यामुळे विंडोज, लिनक्स आणि मॅक हे तिन्ही प्रकारचे संगणक आज एकमेकांच्या फाईली उघडू शकतात.

देणारा आणि घेणारा

हा विषय समजण्यासाठी एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. प्रत्येक देवाणघेवाणीत एक संगणक देणारा असतो आणि दुसरा घेणारा. समजा, एका घरात बैठकीच्या खोलीत वडिलांचा संगणक आहे व त्याला प्रिंटर यूएसबी तारेने जोडलेला आहे. आतल्या खोलीत मुलीचा लॅपटॉप आहे. येथे बैठकीतील संगणक हा देणारा आणि लॅपटॉप हा घेणारा. वाटणीची बहुतेक कामे देणाऱ्या संगणकावर करावयाची असतात. घेणाऱ्याला फक्त पत्ता, नाव आणि पासवर्ड माहीत असला की पुरे. बिघाड शोधतानाही प्रथम देणाऱ्याकडे पाहावे.

या दोघांमध्ये राउटर हा पोस्टमनचे काम करतो. घरातील प्रत्येक संगणकाला, मोबाइलला आणि वायफाय असलेल्या प्रिंटरला तो एक क्रमांक देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हे क्रमांक केवळ खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. ते घराबाहेर जात नाहीत. म्हणूनच शेजाऱ्याच्या घरातही नेमका तोच क्रमांक असला तरी घोटाळा होत नाही.

पूर्वतयारी

पुढील पायऱ्या विंडोज ११ या प्रणालीच्या आहेत. जुन्या पुस्तकांत 'होमग्रुप' नावाची सोय सांगितलेली आढळते. ती विंडोज ७ बरोबर २००९ साली आली आणि २०१८ साली विंडोज १० मधून काढून टाकण्यात आली. तेव्हा ती शोधण्यात वेळ घालवू नये.

१. दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडावेत. एक तारेने व दुसरा वायफायने असला तरी चालते. मात्र राउटरवर 'गेस्ट' म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय असेल तर त्यावर आपला लॅपटॉप जोडू नये. पाहुण्यांना घरातील इतर यंत्रे दिसू नयेत याचसाठी ती सोय असते.

२. दोन्ही संगणकांवर 'सेटिंग्ज'मधील 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडून आपल्या जोडणीचे गुणधर्म पाहावेत. तेथे 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' असे दोन पर्याय असतात. घरच्या जाळ्यासाठी 'प्रायव्हेट' निवडावे. रेल्वे स्थानक, उपाहारगृह, वसतिगृह अशा ठिकाणी मात्र 'पब्लिक'च असू द्यावे.

३. त्याच ठिकाणी 'अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' आणि त्याखालील 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' उघडावे. 'प्रायव्हेट नेटवर्क्स' या मथळ्याखालील 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग' या दोन्ही कळा चालू कराव्यात. 'पब्लिक'खालील याच कळा बंद ठेवाव्यात. 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' ही कळ चालूच ठेवावी. ती बंद केली की काम सोपे होते असा सल्ला पुष्कळदा मिळतो, परंतु तो मानू नये. कारण पुढे येणारच आहे.

४. देणाऱ्या संगणकाला सुटसुटीत नाव द्यावे. 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टिम'मध्ये नाव बदलण्याची सोय आहे. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावे. आपण येथे त्याला 'बैठक' असे नाव दिले आहे असे समजू. नाव बदलल्यावर संगणक एकदा बंद करून चालू करावा.

वेगळे खाते का हवे?

अनेकांची गाडी येथे अडते. लॅपटॉपवरून 'बैठक' उघडायला गेले की संगणक नाव आणि पासवर्ड विचारतो. वडील रोज संगणक सुरू करताना चार आकडी पिन टाकतात, म्हणून तोच पिन येथे टाकला जातो आणि संगणक नकार देतो. याचे कारण असे की, पिन हा फक्त त्याच यंत्रासमोर बसून टाकावयाचा असतो. जाळ्यावरून येणाऱ्याला तो चालत नाही. तेथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही ते खातेही जाळ्यावरून उघडत नाही.

यावर उत्तम उपाय म्हणजे देणाऱ्या संगणकावर केवळ वाटणीसाठी एक साधे खाते तयार करणे. 'सेटिंग्ज'मधील 'अकाउंट्स', त्यातील 'अदर यूझर्स' येथे जाऊन मायक्रोसॉफ्टच्या ईमेलविना खाते उघडण्याचा पर्याय घ्यावा. त्याला 'घर' असे काही नाव व बऱ्यापैकी लांब पासवर्ड द्यावा. हे खाते 'स्टँडर्ड' म्हणजे सामान्य अधिकाराचेच असावे. असे केल्याने वडिलांचा स्वतःचा पासवर्ड, ज्यावर कदाचित त्यांचे ईमेलही अवलंबून असते, कोणालाही सांगावा लागत नाही.

फाईलींचे सामायिक कपाट

आता देणाऱ्या संगणकावर एक नवा फोल्डर तयार करावा. त्यास आपण 'कागदपत्रे' म्हणू. संपूर्ण 'सी' ड्राइव्ह वाटून टाकू नये. घरात पाहुण्यांसाठी एक कपाट मोकळे करणे वेगळे आणि सर्व घराच्या किल्ल्या देणे वेगळे.

फोल्डरवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज', तेथून 'शेअरिंग' आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग' येथे जावे. 'शेअर धिस फोल्डर' या चौकोनात खूण करावी. त्यानंतर 'परमिशन्स' उघडावे. तेथे 'एव्हरीवन' म्हणजे 'सर्व कोणी' असे नाव आधीच असते. ते काढून आपले 'घर' हे खाते घालावे. त्याला 'रीड' म्हणजे केवळ वाचण्याचा, 'चेंज' म्हणजे बदलण्याचा किंवा 'फुल कंट्रोल' म्हणजे संपूर्ण अधिकार देता येतो.

येथे एक बारकावा आहे. जाळ्यावरून येणाऱ्याला दोन दारे ओलांडावी लागतात. एक दार 'शेअरिंग'चे आणि दुसरे त्याच खिडकीतील 'सिक्युरिटी' या भागातील. दोन्ही ठिकाणच्या परवानग्यांपैकी जी अधिक कडक ती लागू होते. फोल्डर दिसतो पण उघडत नाही, किंवा उघडतो पण त्यात काही साठवता येत नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा एक दार उघडे व दुसरे बंद राहिलेले असते. म्हणून 'सिक्युरिटी'तही 'घर' या खात्याला तेवढाच अधिकार द्यावा.

आपल्या घरासाठी दोन फोल्डर पुरेसे आहेत. पहिला 'कागदपत्रे'. त्यात जन्मदाखला, जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, रहिवासी दाखला, छायाचित्रे व सह्या यांच्या स्कॅन केलेल्या फाईली प्रत्येकाच्या नावाने ठेवाव्यात आणि 'घर' या खात्याला केवळ 'रीड' अधिकार द्यावा. मुले तेथून फाईल घेऊन अर्जाला जोडू शकतील, पण घाईत कोणाकडून मूळ फाईल पुसली जाणार नाही. दुसरा फोल्डर 'देवघेव'. त्यात 'चेंज'चा अधिकार द्यावा. छापायचे, पाठवायचे, एकमेकांना दाखवायचे असे सर्व त्यात टाकावे. बँकेचे पासवर्ड, विम्याचे खासगी कागद, कोणाच्या आजाराचे अहवाल या गोष्टी या दोन्हींतही ठेवू नयेत. एकाच घरातील माणसांनाही आपापले खासगीपण असते.

घेणाऱ्या लॅपटॉपवर फाईल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा व संगणकाचे नाव, म्हणजे \\बैठक असे लिहून एंटर दाबावे. 'घर' हे नाव व त्याचा पासवर्ड द्यावा आणि तो लक्षात ठेवण्याच्या चौकोनात खूण करावी. फोल्डर समोर दिसेल. त्यावर उजवी कळ दाबून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडल्यास तो यापुढे लॅपटॉपमधील एखाद्या ड्राइव्हप्रमाणेच रोज दिसू लागतो.

दोघांनी एकाच वेळी एकच फाईल उघडली तर काही प्रोग्राममध्ये दुसऱ्याला 'फाईल वापरात आहे' अशी सूचना मिळते. ही अडचण नसून सोय आहे; नाहीतर एकाने केलेले काम दुसऱ्याने साठवलेल्या प्रतीखाली गाडले गेले असते.

प्रिंटरची वाटणी

प्रथम देणाऱ्या संगणकावरून एक कागद छापून पाहावा. तेथेच छापला जात नसेल तर जाळ्यावरून छापला जाणार नाही हे उघड आहे. त्यानंतर 'सेटिंग्ज'मधील 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', त्यातील 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' येथे आपला प्रिंटर निवडून 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडावे. 'शेअरिंग' या भागात 'शेअर धिस प्रिंटर' येथे खूण करावी व साधे नाव द्यावे.

लॅपटॉपवर पुन्हा \\बैठक उघडले असता फोल्डरशेजारी प्रिंटरही दिसतो. त्यावर उजवी कळ दाबून 'कनेक्ट' म्हणावे. या वेळी प्रिंटर चालविणारी प्रणाली, म्हणजे ड्रायव्हर, लॅपटॉपवर बसवावी लागते आणि त्यासाठी व्यवस्थापकाचा, म्हणजे 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'चा, पासवर्ड विचारला जातो. २०२१ साली विंडोजच्या छपाई व्यवस्थेत 'प्रिंटनाइटमेअर' नावाने ओळखला गेलेला गंभीर दोष उघडकीस आला, तेव्हापासून हे बंधन कडक झाले आहे. काही कारणाने जोडणी होत नसेल तर प्रिंटरच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर आधी लॅपटॉपवर बसवावा आणि मग पुन्हा प्रयत्न करावा.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. देणारा संगणक बंद असेल किंवा झोपी गेला असेल तर प्रिंटरही नाही. म्हणून अभ्यासाच्या दिवसांत त्या संगणकाच्या 'पॉवर' सेटिंगमध्ये आपोआप झोपी जाण्याची वेळ वाढवून ठेवावी. पडदा काळा झाला तरी चालतो. यंत्र जागे हवे.

प्रिंटरमध्येच वायफाय असेल तर ही मर्यादा राहत नाही. असा प्रिंटर राउटरला थेट जोडावा. तो स्वतःच देणारा बनतो व कोणताही संगणक चालू नसला तरी काम करतो. शिवाय त्यावर मोबाइलवरूनही छापता येते. अ‍ॅपलच्या फोनमध्ये २०१० पासून 'एअरप्रिंट'ची आणि अँड्रॉइडच्या फोनमध्ये २०१७ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून छपाईची अंगभूत सोय आहे. याउलट संगणकाला यूएसबीने जोडून वाटलेला प्रिंटर फोनला सहसा आपोआप दिसत नाही. तेव्हा फोनमधील कागद 'देवघेव' फोल्डरात टाकून संगणकावरून छापावा. काही फोनमधील फाईल व्यवस्थापकात 'नेटवर्क स्टोरेज' असा पर्याय असतो. त्यात हाच पत्ता, नाव व पासवर्ड दिला की फोल्डर फोनवरही उघडतो.

शाईच्या प्रिंटरबाबत आणखी एक व्यावहारिक लाभ सांगण्यासारखा आहे. तो दीर्घकाळ न वापरल्यास शाई वाळून त्याची सूक्ष्म छिद्रे बुजतात. घरात दोन प्रिंटर असून दोन्ही पडून राहण्यापेक्षा एकच प्रिंटर सर्वांनी वापरलेला बरा.

मराठी मजकुराची विशेष काळजी

मराठी वाचकांना या विषयात एक अडचण हमखास येते. बैठकीतील संगणकावर टाईप केलेला मराठी अर्ज लॅपटॉपवर उघडला की त्यात इंग्रजी अक्षरे आणि निरर्थक चिन्हे दिसू लागतात. जाळ्यात दोष नसतो. तो मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला असतो आणि तो फॉन्ट लॅपटॉपवर नसतो. छपाई लॅपटॉपवरून करायची असेल तर फॉन्टही लॅपटॉपवरच लागतो, ही गोष्ट येथे महत्त्वाची.

यावर दोन उपाय आहेत. यापुढील सर्व मजकूर युनिकोड पद्धतीने टाईप करावा. मंगल, निर्मला यांसारखे युनिकोड फॉन्ट विंडोजमध्ये मिळतात आणि एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्यावर तसाच वाचता येतो. जुन्या फाईली ज्या संगणकावर नीट दिसतात तेथेच त्यांची पीडीएफ प्रत करून ती 'कागदपत्रे' फोल्डरात ठेवावी. पीडीएफमध्ये फॉन्ट बहुधा सोबतच जातो.

नेहमीच्या अडचणी व उपाय

संगणक दिसतच नाही : देणाऱ्या संगणकावर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजीत द्यावी व त्याचा क्रमांक पाहावा. मग लॅपटॉपवर नावाऐवजी दोन तिरप्या रेघांपुढे तो क्रमांक लिहून पाहावा. क्रमांक १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही असे समजावे. तार किंवा वायफाय तपासावे.

काल छापत होते, आज प्रिंटर 'ऑफलाइन' : वीज जाऊन आली की राउटर कधी कधी वायफाय प्रिंटरला नवा क्रमांक देतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. राउटरच्या व्यवस्थेत त्या प्रिंटरसाठी एक क्रमांक कायमचा राखून ठेवता येतो. ज्या भागात वीज वारंवार जाते तेथे हे काम पहिल्याच दिवशी करून टाकावे.

कागद रांगेत अडकला : एक बिघडलेली फाईल मागच्या सर्वांना अडवून ठेवते. देणाऱ्या संगणकावर प्रिंटरची रांग उघडून ती फाईल रद्द करावी. तरीही रांग हलत नसेल तर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' ही सेवा पुन्हा सुरू करावी. छापले नाही म्हणून लॅपटॉपवरून पाच वेळा 'प्रिंट' म्हणू नये. अडथळा दूर होताच पाचही प्रती बाहेर पडतात.

पासवर्ड बरोबर असूनही नकार : नावापुढे संगणकाचेही नाव लिहून पाहावे, म्हणजे बैठक\घर असे. लॅपटॉप कधी कधी स्वतःच्याच खात्यांत ते नाव शोधत असतो.

कुलूप का लावायचे?

आता पासवर्डच्या कळीकडे वळू. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाईली त्याने कुलूपबंद केल्या आणि त्या सोडविण्यासाठी खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांचे काम त्यामुळे विस्कळीत झाले. तो एका संगणकातून दुसऱ्यात शिरला तो नेमका फाईल वाटणीच्या एसएमबी व्यवस्थेतील जुन्या दोषातून. विशेष म्हणजे या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्च रोजीच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसवून घेतली त्यांच्या संगणकांत तो या वाटेने शिरू शकला नाही.

यातून आपणास पुढील बोध घेता येईल. विंडोजच्या सुधारणा, म्हणजे 'अपडेट्स', टाळू नयेत. एसएमबीची पहिली आवृत्ती नवीन संगणकांत मुळातच बंद असते. एखाद्या जुन्या यंत्रासाठी ती चालू करण्याचा मोह आवरावा. पासवर्डविना येणाऱ्या पाहुण्याला प्रवेश देऊ नये. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो प्रकारातही असा प्रवेश आपोआप बंद ठेवलेला आहे, तो तसाच असू द्यावा. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा, आणि शेजाऱ्यांना किंवा मुलांच्या मित्रांना वायफाय द्यावयाचे झाल्यास 'गेस्ट'चेच द्यावे.

विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जुना संगणक विंडोज ११ स्वीकारत नसेल तर तो टाकून देण्याची गरज नाही. त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांसारखी विनामूल्य प्रणाली बसवावी. पूर्वी उल्लेख केलेली सांबा ही फाईलींसाठी आणि 'कप्स' ही प्रिंटरसाठी, अशा दोन्ही प्रणाली तेथे उपलब्ध आहेत. असा जुना संगणक घराचे सामायिक कपाट म्हणून आणखी काही वर्षे सेवा देऊ शकतो.

वाटणी म्हणजे जपणूक नव्हे

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. फाईल सर्वांना दिसू लागली म्हणजे ती सुरक्षित झाली असे नाही. आपल्या स्वतःच्या संगणकावर पुसलेली फाईल 'रिसायकल बिन'मध्ये जाते व तेथून परत आणता येते. जाळ्यावरून दुसऱ्या संगणकातील फाईल पुसली तर ती सामान्यतः तेथे जात नाही, कायमचीच जाते. 'कागदपत्रे' फोल्डरला केवळ 'रीड' अधिकार द्यावा असे वर म्हटले आहे ते याचसाठी.

शिवाय त्या संगणकाची डिस्क एके दिवशी बिघडणारच. म्हणून महिन्यातून एकदा 'कागदपत्रे' या फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि प्रत घेऊन झाल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. जोडलेली ठेवल्यास खंडणीखोर प्रोग्राम तीही कुलूपबंद करू शकतो. शक्य असल्यास आणखी एक प्रत दुसऱ्या गावी विश्वासू नातेवाइकांकडे ठेवावी. पूर, आग, चोरी यांत मूळ कागद गेले तर निदान दाखल्यांचे क्रमांक व दिनांक हाती राहतात आणि नवी प्रत काढणे सुकर होते. ज्या कुटुंबांनी एकेका दाखल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आहेत त्यांना याचे मोल निराळे सांगावयास नको.

समारोप

हे सर्व वाचताना लांबलचक वाटले तरी प्रत्यक्ष काम रविवारच्या एका दुपारचे आहे. घरातील एका सदस्याने, शक्यतो एखाद्या विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने, ही जबाबदारी घ्यावी. संगणकाचे नाव, राउटरमध्ये राखून ठेवलेला क्रमांक आणि 'घर' खात्याचा पासवर्ड एका वहीत लिहून ती वही घरातील वडीलधाऱ्यांकडे द्यावी. म्हणजे ते मूल शिक्षणासाठी परगावी गेले तरी घरचे काम अडणार नाही. आईलाही स्वतः एक कागद छापून पाहावयास सांगावे. घरातील प्रत्येकाला हे काम जमले तरच व्यवस्था पूर्ण झाली असे समजावे.

वस्तीतील अभ्यासिकेत चार-पाच संगणक आणि एकच प्रिंटर असेल तर तेथेही हीच पद्धत लागू पडते. फरक एवढाच की, तेथे कोणाचेही दाखले सामायिक फोल्डरात ठेवू नयेत, फक्त प्रश्नपत्रिका, टिपणे आणि अर्जांचे नमुने ठेवावेत. आणि दिवसअखेर 'देवघेव' फोल्डर रिकामा करण्याचे काम एकाकडे सोपवावे. अर्जाची अंतिम तारीख कोणासाठी थांबत नाही. त्या रात्री प्रिंटर चालू असेल, दाखला जागेवर सापडेल आणि तो परक्याच्या संगणकात शिल्लक राहणार नाही, एवढी व्यवस्था आपण आपल्या मुलांसाठी आजच करून ठेवू शकतो.